लेबनॉनचा इतिहास १९४३ पाशीच का थांबतो?

१३ एप्रिल १९७५, रविवार. बैरुतच्या पूर्वेकडील ऐन अल-रुम्माने या ख्रिस्ती वस्तीत सकाळी एका नव्या चर्चचा समर्पणविधी सुरू होता. कताएब पक्षाचे नेते पिएर जमायेल तेथे उपस्थित होते. बंदूकधाऱ्यांनी चर्चबाहेर गोळीबार केला आणि त्यात चारजण ठार झाले. दुपारी त्याच वस्तीतून पॅलेस्टिनींना घेऊन निघालेल्या बसवर कताएबच्या हत्यारबंद कार्यकर्त्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. त्यात सुमारे २७ जणांचा बळी गेला. लेबनॉनच्या पंधरा वर्षांच्या यादवीचा आरंभ म्हणून हाच दिवस सांगितला जातो.

सकाळ आणि दुपार यांत काही तासांचेच अंतर. पण त्या दिवसाची हकिगत सांगणारा लेबनानी माणूस सकाळपासून सुरुवात करतो की दुपारपासून, एवढ्यावरून तो कोणत्या मोहल्ल्यात वाढला याचा अंदाज बांधता येतो. सकाळपासून सांगितले, तर बसवरील हल्ला प्रत्युत्तर ठरतो. दुपारपासून सांगितले, तर ती निव्वळ कत्तल ठरते. सकाळच्याही मागे जायचे म्हटले, तर त्याच वर्षी फेब्रुवारीत सैदा बंदरात मासेमारीच्या मक्तेदारीविरुद्ध निघालेला मच्छीमारांचा मोर्चा आठवावा लागतो. त्या मोर्चात गोळी लागून जखमी झालेले नेते मारूफ साद काही दिवसांनी मरण पावले आणि अनेकांच्या लेखी युद्ध तेथेच सुरू झाले. जेथे कथा कोठून आरंभावी हा निर्णयच निम्मा निवाडा ठरतो, तेथे निःपक्षपाती इतिहास लिहायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा लेबनॉनपुढचा जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे.

२०२५ मध्ये या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. युद्धात सुमारे दीड लाख माणसे मारली गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. बेपत्ता झालेल्यांचा सरकारी आकडा १७ हजार सांगितला जातो. तरीही लेबनॉनच्या शाळकरी मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकातील कथा साधारणपणे १९४३ च्या स्वातंत्र्यापाशी आणि त्यानंतर लवकरच झालेल्या फ्रेंच सैन्याच्या माघारीपाशी येऊन थांबते. त्यापुढचे सारे मूल घरी शिकते, आणि प्रत्येक घरी निराळे शिकते.

तीन युद्धे, तीन तडजोडी

१९७५ ची यादवी अकस्मात उद्भवलेली नव्हती. माउंट लेबनॉनच्या डोंगराळ मुलखात १८६० साली द्रूझ आणि मारोनाईट ख्रिस्ती यांच्यात भीषण रक्तपात झाला. दैर अल-कमर, जहले, हसबया ही नावे त्या वर्षाने रक्तरंजित केली. जुलैमध्ये हिंसेचे लोण दमास्कसपर्यंत पोहोचले. तेथे अल्जीरियातून हद्दपार झालेले अमीर अब्दुल कादिर यांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती रहिवाशांना आश्रय देऊन वाचवले. या युद्धाची पार्श्वभूमी पाहू गेल्यास एक विसंगती लक्षात येते. त्याच्या दोनच वर्षे आधी किसरवान भागात जो शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो मारोनाईट कुळांनी मारोनाईट जमीनदारांविरुद्ध केलेला होता. वर्गाचा संघर्ष पंथाच्या संघर्षात कसा बदलत गेला, हे इतिहासकार उसामा मक्दिसी यांनी दाखवून दिले आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर म्हटले जाते, ते उस्मानी साम्राज्यातील सुधारणा आणि युरोपीय सत्तांचा हस्तक्षेप यांच्या काळात घडलेले आधुनिक अपत्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१८६० च्या समेटाचे सूत्र अरबी भाषेत ‘जे गेले ते गेले’ अशा अर्थाचे होते. मराठीत त्याला चपखल प्रतिशब्द आहे: झाले गेले गंगेला मिळाले. पुढे फ्रेंच फौजा आल्या, आंतरराष्ट्रीय आयोग बसला आणि १८६१ मध्ये पंथवार प्रतिनिधित्वावर आधारलेली नवी राज्यव्यवस्था अस्तित्वात आली.

दुसरा संघर्ष १९५८ चा. अध्यक्ष कामिल शमून यांचे पाश्चात्त्यधार्जिणे धोरण आणि त्यांच्याविरुद्ध नासेरच्या अरब राष्ट्रवादाने भारलेला विरोधी पक्ष, असा तो सामना होता. अमेरिकी सैन्य बैरुतच्या किनाऱ्यावर उतरले, सेनापती फुआद शिहाब अध्यक्ष झाले आणि ‘ना कोणी विजयी, ना कोणी पराभूत’ या घोषणेवर पडदा पडला. विरोधी आघाडीचे नेते साएब सलाम यांच्या नावाशी ती घोषणा जोडली जाते.

तिसरी आणि सर्वांत दीर्घ यादवी १९७५ ते १९९० ची. ऑक्टोबर १९८९ मध्ये सौदी अरेबियातील ताईफ शहरात लेबनॉनच्या खासदारांनी करार केला. संसदेतील ख्रिस्ती-मुस्लिम जागांचे सहास पाच हे प्रमाण बदलून ते समसमान करण्यात आले. त्यानंतर ऑगस्ट १९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला. युद्धकाळातील बहुतांश गुन्हे त्याने पुसून टाकले. मात्र राजकीय आणि धार्मिक नेत्यांच्या हत्या त्यातून वगळल्या. म्हणजे नेता मारला गेला असेल तर खटला उभा राहू शकत होता. गाव कापले गेले असेल तर नाही.

या तिन्ही तडजोडींची घडण एकसारखी आहे. प्रत्येकीने सत्तेचे पंथवार वाटप केले आणि मागचे विसरून जाण्याचे आवाहन केले. विसरले मात्र कोणीच नाही. सरकारी दप्तरातून जे गेले, ते घराघरांतील आजीच्या गोष्टींत, पक्षकार्यालयांतील तसबिरींत आणि स्मशानातील शिलालेखांत जाऊन बसले. १९८३-८४ मध्ये शूफच्या डोंगरात द्रूझ आणि ख्रिस्ती पुन्हा लढले, तेव्हा दोन्हीकडे १८६० चे दाखले दिले जात होते.

न छापलेले पुस्तक

ताईफ कराराच्या कर्त्यांना हा धोका दिसत नव्हता असे म्हणता येणार नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्र या दोन विषयांसाठी साऱ्या देशात एकच पाठ्यपुस्तक असावे, असे कलमच त्यांनी करारात घातले. त्यानुसार शैक्षणिक संशोधन व विकास केंद्राकडे काम सोपवण्यात आले. १९९७ मध्ये इतर विषयांचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. इतिहास मात्र मागे राहिला. दीर्घ चर्चेनंतर २००० साली इतिहासाचा अभ्यासक्रम मंजूर झाला आणि प्राथमिक इयत्तांची पुस्तके तयार होऊ लागली.

ती रखडली एका धड्यावरून. तिसरीच्या पुस्तकात लेबनॉनवर राज्य करून गेलेल्या परकीय सत्तांची यादी देणारा एक धडा होता. ‘सारे गेले, लेबनॉन उरला’ असा त्याचा आशय. त्या यादीत अरबांचेही नाव होते. अरब हे परकीय विजेते की लेबनॉनचे स्वतःचे पूर्वज, या प्रश्नावर देशाची निम्मी राजकीय भांडणे उभी आहेत. तत्कालीन शिक्षणमंत्री अब्दुल रहीम मुराद यांनी आक्षेप घेतला आणि २००१ मध्ये प्रकल्प थांबला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या पुस्तकातील एका ओळीने संपूर्ण योजना कोसळली.

दुसरा मोठा प्रयत्न २०१२ च्या सुमारास झाला आणि तोही असाच विरला. या वेळी वादाचा मुद्दा २००५ चा होता. माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येनंतर उसळलेल्या आणि सीरियन सैन्याच्या माघारीपर्यंत पोहोचलेल्या जनआंदोलनाला मसुद्यात योग्य स्थान व नाव मिळाले नाही, असा आक्षेप घेत कताएबचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. याउलट इस्रायलविरुद्धच्या सशस्त्र प्रतिकाराला किती पाने द्यावीत, यावर दुसरी बाजू अडून होती. मंत्र्यांच्या समित्या पानांची मोजदाद करीत राहिल्या; पुस्तक निघाले नाही.

या दोन अपयशांतून मिळणारा धडा स्पष्ट आहे. लेबनॉनमध्ये ‘निःपक्षपाती इतिहास’ या शब्दांचा अर्थ ‘पंथांमध्ये न्याय्य वाटलेला इतिहास’ असा घेतला गेला. संसदेच्या जागा, सरकारी नोकऱ्या आणि मंत्रिपदे ज्या पद्धतीने वाटली जातात, त्याच पद्धतीने भूतकाळही वाटून घ्यावा, अशी कल्पना होती. प्रत्येकाला आपला एक हुतात्मा, आपले एक दुःख आणि आपला एक परिच्छेद. पण इतिहास ही वाटपाची वस्तू नाही. दोन परस्परविरोधी दाव्यांची सरासरी काढून सत्य हाती लागत नाही. कोणालाच न बोचणारे एक पुळचट वाक्य तेवढे हाती लागते. लेबनॉनमध्ये पंधरा वर्षांच्या युद्धाला बोलीभाषेत ‘अल-अहदास’, म्हणजे ‘घटना’, असे म्हणण्याची रीत आहे. कर्ता नसलेला, दोष नसलेला हा शब्द म्हणजे त्या सरासरीचे उत्तम उदाहरण होय.

मौनाची बाजू

मौन बाळगणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र हलक्याने झटकून टाकण्याजोगा नाही. युद्ध संपले तेव्हा कोणीही निर्णायक विजयी झाले नव्हते. जे सेनानायक कालपर्यंत परस्परांच्या वस्त्यांवर तोफा डागत होते, तेच मंत्रिमंडळाच्या एका टेबलाभोवती बसले. अमलचे नेते नबीह बेर्री १९९२ पासून संसदेचे सभापती आहेत. द्रूझ नेते वालिद जुम्ब्लात युद्धोत्तर सरकारांत मंत्री झाले. सब्रा-शतिला हत्याकांडाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते एली होबेका हेही मंत्री झाले आणि २००२ मध्ये बॉम्बस्फोटात मारले गेले. अशा वेळी सत्य उकरून काढायचे तर शस्त्रे खाली ठेवलेल्यांनी ती पुन्हा उचलली असती. अर्धवट सत्यापेक्षा पूर्ण शांतता बरी, असे व्यवहारी माणसाने म्हणावे यात नवल नाही.

एकट्या गुन्हेगाराला निवडून केलेला न्याय किती घातक ठरतो, याचेही उदाहरण लेबनॉनने पाहिले आहे. लेबनीज फोर्सेसचे नेते समीर जाजा यांच्यावर १९९४ नंतर खटले चालले आणि त्यांनी अकरा वर्षे तुरुंगात काढली. ते निर्दोष होते की नव्हते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी सर्व सेनानायकांपैकी सीरियाच्या विरोधात गेलेल्यालाच शिक्षा व्हावी, हे त्यांच्या समर्थकांना सूडासारखे वाटले. २००५ मध्ये संसदेने माफी देऊन त्यांना मुक्त केले. खटल्याने सत्य बाहेर येण्याऐवजी आणखी एक हुतात्मा घडला.

तरीही मौनाचा हिशेब शेवटी तोट्याचाच ठरतो. मे २००८ मध्ये बैरुतच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी तायुने चौकात सातजण मारले गेले. ४ ऑगस्ट २०२० च्या बंदरातील महास्फोटाची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांविरुद्ध अमल आणि हिज्बुल्ला यांनी काढलेल्या मोर्चाच्या वेळी ही चकमक झाली. तायुने हा भाग ऐन अल-रुम्मानेला लागून आहे. १९७५ ला ज्या गल्ल्यांमध्ये युद्ध पेटले, त्याच गल्ल्यांच्या तोंडाशी पुढच्या पिढीतील तरुण बंदुका घेऊन उभे होते. त्यांनी युद्ध पाहिले नव्हते आणि शाळेने त्यांना ते कधी शिकवलेही नव्हते. त्यांना माहीत होती ती आपापल्या घरची बाजू.

कोणाचे युद्ध?

युद्धाविषयी लेबनॉनमध्ये दोन स्पष्टीकरणे सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिले म्हणजे ‘आमच्या भूमीवरचे परक्यांचे युद्ध’. पत्रकार आणि मुत्सद्दी घस्सान तुएनी यांच्या लेखनामुळे हा विचार रूढ झाला. त्यात तथ्य नक्कीच आहे. १९६९ च्या कैरो कराराने पॅलेस्टिनी संघटनांना लेबनॉनच्या भूमीवर सशस्त्र वावराची मुभा मिळाली. सीरियाचे सैन्य १९७६ मध्ये आले आणि २००५ पर्यंत राहिले. इस्रायलने १९७८ आणि १९८२ मध्ये आक्रमण केले आणि दक्षिण भागाचा ताबा २००० साली सोडला. पण बंदुका परक्या असल्या तरी चाप ओढणारे अनेक हात स्थानिक होते, हे या स्पष्टीकरणात झाकले जाते.

दुसरे स्पष्टीकरण म्हणजे ख्रिस्ती विरुद्ध मुस्लिम असा पंथयुद्धाचा साचा. जानेवारी १९७६ मध्ये कारंतिना या मुस्लिमबहुल झोपडवस्तीत ख्रिस्ती मिलिशियांनी केलेली कत्तल आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत पॅलेस्टिनी व त्यांच्या मित्रगटांनी दामूर या ख्रिस्ती गावात केलेली कत्तल या साच्यात बसतात. पण पुढची अनेक प्रकरणे बसत नाहीत. १९७८ मध्ये एहदेन येथे टोनी फ्रान्जिए यांना कुटुंबीयांसह ठार मारणारे त्यांच्यासारखेच मारोनाईट होते. १९८५ ते १९८८ या काळात शिया अमलने पॅलेस्टिनी छावण्यांना वेढा घातला. १९८८ पासून अमल आणि हिज्बुल्ला हे दोन शिया पक्ष परस्परांशी लढले. १९९० मध्ये जनरल मिशेल औन यांचे सैन्य आणि लेबनीज फोर्सेस यांच्यातील लढाईने पूर्व बैरुतची ख्रिस्ती वस्तीच उद्ध्वस्त केली. सीरियाचे सैन्यही प्रथम ख्रिस्ती आघाडीच्या मदतीस आले आणि नंतर तिच्याच विरोधात गेले.

या स्वपंथीय लढाया कोणत्याही पक्षाच्या स्मृतिदिनाला शोभत नाहीत. त्या कोणाला मिरवता येत नाहीत आणि शेजाऱ्याच्या माथी मारताही येत नाहीत. म्हणूनच निःपक्षपाती इतिहासाची खरी परीक्षा तेथे होते. ‘त्यांनी आम्हाला मारले’ आणि ‘आम्ही त्यांना मारले’ या दोन वाक्यांच्या जोडीला ‘आम्हीच आम्हाला मारले’ हे तिसरे वाक्य ज्या पुस्तकात लिहिले जाईल, ते पुस्तक कोणत्याही एका पंथाचे राहणार नाही.

आधी नोंद, मग निवाडा

निःपक्षपातीपणाची सुरुवात अर्थ लावण्यापासून करता येत नाही; ती नोंदीपासून करावी लागते. मराठी वाचकाला हा क्रम नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली, त्यामागे आधी कागद आणि मग कथन हीच शिस्त होती. लेबनॉनमध्ये नेमकी हीच पायरी गाळली गेली. ज्या देशात शेवटची जनगणना १९३२ साली झाली, कारण जिवंत माणसे मोजली तर सत्तेचे प्रमाण बिघडेल अशी भीती आहे, त्या देशाने मेलेल्यांचीही नावनिशीवार यादी केली नाही.

सरकारने सोडलेले हे काम काही नागरिकांनी आणि संस्थांनी हाती घेतले. आंतरराष्ट्रीय संक्रमणकालीन न्याय केंद्राने २०१३ मध्ये १९७५ ते २००८ या काळातील हिंसक घटनांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. लोकमान सलीम आणि मोनिका बोर्गमान यांनी उभारलेल्या ‘उमाम’ या संस्थेने वृत्तपत्रे, पत्रके, छायाचित्रे, मिलिशियांचे कागद असा मोठा दस्तऐवज बैरुतच्या दक्षिण उपनगरात जमा केला. २०१३ मध्ये स्थापन झालेली लेबनीज इतिहास संघटना शिक्षकांना साधने तपासायला आणि परस्परविरोधी साक्षी समोरासमोर ठेवून वाचायला शिकवते. एकच पुस्तक निघत नसेल, तर निदान पुस्तक कसे वाचावे हे तरी एकसारखे शिकवावे, असा हा व्यवहार्य मार्ग आहे.

या मार्गातही एक खड्डा आहे. ‘तुझी बाजू आणि माझी बाजू’ शेजारी शेजारी छापली की काम संपले, असे मानले तर इतिहासाचे रूपांतर वादसभेत होते. काही गोष्टींना बाजू नसते. बसमधील माणसे मारली गेली, चर्चसमोर माणसे मारली गेली, दामूर आणि कारंतिना येथे निःशस्त्रांची कत्तल झाली, सप्टेंबर १९८२ मध्ये बशीर जमायेल यांच्या हत्येनंतर इस्रायली सैन्याच्या वेढ्यात असलेल्या सब्रा आणि शतिला येथे ख्रिस्ती मिलिशियांनी निर्वासितांना ठार केले. कारणांविषयी मतभेद असू शकतात, कृत्यांविषयी नाही. निःपक्षपाती इतिहासकार दोन्ही पक्षांपासून सारखे अंतर राखत बसत नाही. एकाच्या गुन्ह्यासाठी ‘हत्याकांड’ आणि दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी ‘घटना’ असे दोन शब्द वापरण्याचे तो नाकारतो.

त्यासाठी त्याने कोणत्याच पंथाचा नसावे, ही अपेक्षाही अवाजवी आहे. १८ मान्यताप्राप्त पंथांच्या देशात असा माणूस आणायचा कोठून? फव्वाझ त्राबुल्सी हे स्वतः युद्धकाळात डाव्या आघाडीचे कार्यकर्ते होते. तरीही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आधुनिक लेबनॉनचा इतिहास आज प्रमाणग्रंथांत गणला जातो. कमाल सलीबी यांनी ऐन युद्धात, १९८८ मध्ये, लिहिलेल्या ग्रंथात ख्रिश्चनांना प्रिय असलेली फिनिशियन मूळपुरुषांची कथा आणि अरब राष्ट्रवाद्यांना प्रिय असलेली कथा या दोहोंची सारखीच कठोर चिकित्सा केली. आपण कोठे उभे आहोत हे लपवायचे नाही आणि पुरावा विरोधात गेला तर तेथून हलण्याची तयारी ठेवायची, एवढीच पात्रता पुरेशी असते.

या कामाची किंमत मात्र जबर आहे. युद्धाचा इतिहास लिहिणारे इतिहासकार-पत्रकार समीर कासीर २ जून २००५ रोजी मोटारीतील बॉम्बने मारले गेले. लोकमान सलीम यांची ४ फेब्रुवारी २०२१ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. दोघेही वर्तमान राजकारणावर निर्भीडपणे लिहीत-बोलत होते. मागचे आणि आजचे यांच्यात लेबनॉनमध्ये भिंत नाही, हेच त्यांच्या मृत्यूने दाखवले.

बेपत्ता माणसांचा अध्याय

राज्याने कोठून आरंभ करावा, याचे उत्तर बहुधा बेपत्ता माणसांच्या कुटुंबीयांपाशी आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये वदाद हलवानी यांच्या पुढाकाराने अपहृत आणि बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबीयांची समिती स्थापन झाली. या समितीत सर्व पंथांच्या आया, पत्नी आणि बहिणी आहेत. कोणाचा मुलगा ख्रिस्ती मिलिशियाने नेला, कोणाचा पती मुस्लिम मिलिशियाने, कोणाचा भाऊ सीरियन सैन्याने. मारेकरी परस्परांचे शत्रू होते. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रिया एकाच फलकाखाली बसल्या. लेबनॉनचा खरोखर सर्वपंथीय असा इतिहास कोठे लिहिला गेला असेल, तर तो या समितीच्या याद्यांमध्ये.

२००० साली सरकारी चौकशी समितीने बैरुतमधील काही सामूहिक दफनस्थळांचे अस्तित्व मान्य केले, पण बेपत्ता लोकांना मृत मानण्याचा सल्ला देऊन विषय मिटवला. त्याच वर्षाच्या अखेरीस सीरियाने आपल्या तुरुंगांतून पन्नासहून अधिक कैदी लेबनॉनकडे सोपवले. २०१४ मध्ये लेबनॉनच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या चौकशीची कागदपत्रे पाहण्याचा कुटुंबीयांचा हक्क मान्य केला, आणि २०१८ मध्ये १०५ क्रमांकाच्या कायद्याने बेपत्ता व्यक्तींचे काय झाले हे जाणून घेण्याच्या अधिकाराला वैधानिक रूप दिले. या कायद्यात शिक्षेपेक्षा शोधाला महत्त्व आहे: माणूस कोठे आहे, जिवंत नसेल तर कोठे पुरला आहे, हे सांगा. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली आणि तुरुंगांची दारे उघडली, तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ बेपत्ता असलेला एक लेबनानी घरी परतला. बाकीच्या घरांत पुन्हा एकदा आशा पालवली आणि पुन्हा एकदा कोमेजली. वाट पाहणाऱ्या अनेक आया आता हयात नाहीत. साक्षीदारांचेही तेच होत आहे. १९७५ मध्ये विशीत असलेला तरुण आज सत्तरीच्या पुढे आहे. इतिहासाला उद्या लिहू म्हणून ठेवता येत नाही, कारण उद्या साक्ष देणारा उरत नाही.

वर्तमानाची कसोटी

हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर येण्याचे कारण शस्त्रांचे आहे. ताईफ करारानंतर सर्व मिलिशिया निःशस्त्र करण्यात आल्या. इस्रायलविरुद्धचा प्रतिकार म्हणून हिज्बुल्लाला अपवाद मिळाला. २०२४ च्या युद्धात त्या संघटनेने आपले नेते हसन नसरल्ला आणि मोठे लष्करी बळ गमावले. नोव्हेंबरात युद्धविराम झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये लेबनॉनच्या मंत्रिमंडळाने शस्त्रे केवळ राज्याच्याच हाती असावीत यासाठी सैन्याला योजना आखण्यास सांगितले. हिज्बुल्लाने या निर्णयाला कडाडून विरोध केला आणि यादवीची भाषा पुन्हा कानावर येऊ लागली. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने दक्षिण लेबनॉनमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अखेरची वाढवली. या सेनेत १९९८ पासून भारतीय तुकडीही तैनात असल्याने हा घटनाक्रम भारतालाही परका नाही.

शस्त्रे सोडा म्हणणाऱ्याच्या मनात पंधरा वर्षांच्या मिलिशिया राजवटीची आठवण आहे. ती सोडणार नाही म्हणणाऱ्याच्या मनात दक्षिणेतील गावांकडे राज्याने फिरवलेल्या पाठीची आणि इस्रायली ताब्याची. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण दुसऱ्याची आठवण ऐकलेली नसल्यामुळे प्रत्येकाला समोरच्याची भीती हा कांगावा वाटतो. सामायिक इतिहास नसण्याची ही रोकडी राजकीय किंमत आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत लेबनॉनचे पंतप्रधानपद स्वीकारणारे नवाफ सलाम हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी अध्यक्ष म्हणून जगाला परिचित आहेत. ते प्रशिक्षणाने इतिहासकारही आहेत आणि सोरबोन विद्यापीठातील त्यांच्या प्रबंधाचा विषय १९५८ चा उठाव हा होता, हे फारसे ठाऊक नसते. त्या उठावातील एक प्रमुख नेते साएब सलाम हे त्यांचे काका. ज्याच्या घराण्याने ‘ना कोणी विजयी, ना कोणी पराभूत’ ही घोषणा दिली, त्यानेच त्या घोषणेमागचा दस्तऐवज अभ्यासला. अशा माणसाच्या सरकारनेही पाठ्यपुस्तकाचे काम मंत्र्यांच्या पानमोजणीकडेच सोपवले, तर दोष सत्तेच्या रचनेचा मानावा लागेल. अभिलेखागारे खुली करणे, बेपत्ता व्यक्तींच्या आयोगाला निधी आणि अधिकार देणे, ज्ञात दफनस्थळांचे रक्षण करणे, इतिहासाच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे: यांपैकी कशालाही पंथांमध्ये एकमत होण्याची वाट पाहावी लागत नाही.

ऐन अल-रुम्मानेतील त्या बसचा गंजलेला सांगाडा अजून जपून ठेवलेला आहे. तो सांगाडा एका बाजूचा पुरावा म्हणून कोणीही पुढे करू शकतो आणि आजवर तसेच झाले. ज्या दिवशी लेबनॉनमधील एखाद्या वर्गात त्या बसमधल्या मृतांची नावे आणि चर्चबाहेरच्या चार मृतांची नावे एकाच पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत वाचली जातील, त्या दिवशी १९४३ पाशी थांबलेले पुस्तक एक पान पुढे सरकेल.